थंडीच्या सकाळी थांबणारा चार्ज कंट्रोलर : कळमेश्वरकडील एका संत्राबागेचे प्रकरण

नागपूर जिल्ह्यात, कळमेश्वर तालुक्यातील एका संत्राबागेत बसवलेल्या सौर संचाचे हे प्रकरण आहे. संच एप्रिलमध्ये सुरू झाला, उन्हाळा आणि पावसाळा विनातक्रार पार पडला, आणि पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारीत, त्याचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत नियंत्रितपणे भरणारे यंत्र, जळाला. कुठेतरी वीज पडून लाइनमध्ये झटका आला असावा, असे सांगून संच बसवणाऱ्या ठेकेदाराने त्याच बनावटीचा आणि त्याच क्षमतेचा दुसरा कंट्रोलर बसवून दिला. तोही फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत उत्तम चालला आणि डिसेंबरची थंडी पडताच रोज सकाळी लाल दिवा दाखवू लागला. ऊन वर आले की हा दिवा आपोआप जात असे, म्हणून त्याकडे लक्ष देऊ नका, असा सल्ला बागमालकांना मिळाला होता. सुदैवाने त्यांनी तो मानला नाही आणि मला पाहणीसाठी बोलावले. तो सल्ला मानून हिवाळा काढला असता, तर दुसरा कंट्रोलरही पहिल्याच्या वाटेने जाण्याची पुरेपूर शक्यता होती, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे पुढे मांडली आहेत.

नागपूर भागात सौर संचाची आखणी करणाऱ्याच्या डोक्यात आधी ऊन असते. मे महिन्यात पॅनल किती तापतील, उत्पादन किती घटेल, बॅटरीची खोली हवेशीर आहे का, हे प्रश्न येथे सगळेच विचारतात. थंडीचा प्रश्न मात्र लडाखवाल्यांचा समजला जातो. वास्तविक २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, आणि शहराबाहेरच्या मोकळ्या शिवारात पहाटे शहरापेक्षा दोन-तीन अंश कमी असणे ही नेहमीची बाब आहे. परंतु या प्रकरणाचा गाभा केवळ किमान तापमानाच्या आकड्यात नाही. वर्षाचे नऊ-दहा महिने येथील उष्णतेमुळे पॅनलचे व्होल्टेज पाटीवर छापलेल्या आकड्याच्या बरेच खाली राहते, आणि त्यामुळे मर्यादेला टेकलेली जोडणीसुद्धा त्या काळात निर्धोक दिसते. थंड प्रदेशात हाच दोष पहिल्या आठवड्यात उघडा पडला असता. आपल्याकडे उन्हाळ्यात सुरू केलेला संच तो आठ महिने पोटात ठेवून चालतो.

संचाची रचना

बागेत राखणदाराचे घर, संत्री भरण्याची शेड, सीसीटीव्ही, रात्रीचे दिवे आणि ठिबकसाठी एक अश्वशक्तीचा पंप एवढा भार आहे. शेतीची वीज बहुतेक रात्री येत असे आणि तिचा भरवसा नसे, म्हणून मालकांनी बॅटरीवर चालणारा स्वतंत्र संच घेतला. त्यात ५४० वॉटचे सहा मोनो पॅनल आहेत. प्रत्येक पॅनलच्या मागच्या पाटीवर ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही भार नसताना टोकांवर मिळणारे) ४९.५, कमाल शक्तीच्या वेळचे व्होल्टेज ४१.६, शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोके थेट जोडल्यावर वाहणारा) १३.८५ अँपिअर आणि माळेतील (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या ओळीतील) फ्यूजची कमाल मर्यादा २५ अँपिअर असे छापलेले आहे. बॅटरी बँक ४८ व्होल्टची असून त्यात १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या आठ ट्युब्युलर बॅटऱ्या चार-चारच्या दोन ओळींत आहेत. कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा (पॅनलकडून कमाल शक्ती मिळेल अशा व्होल्टेजवर काम करणारा), १५० व्होल्ट आणि ६० अँपिअर क्षमतेचा आहे.

मूळ जोडणीत तीन पॅनल सिरीजमध्ये घेऊन एक माळ केली होती आणि अशा दोन माळा पॅरलल जोडल्या होत्या. ठेकेदाराने संच ताब्यात देताना दिलेला एक कागद मालकांनी जपून ठेवला होता. त्यावर निळ्या शाईने लिहिले होते : ‘३ × ४९.५ = १४८.५. कंट्रोलर १५०. बरोबर.’ त्याच्या खाली, संच सुरू केला त्या दुपारी मीटरने मोजलेला आकडा होता, १३१ व्होल्ट. हा दुसरा आकडा पाहून कोणालाही वाटावे की मर्यादेपर्यंत १९ व्होल्टचे अंतर आहे आणि काळजीचे कारण नाही. एप्रिलच्या भर दुपारी पॅनलच्या आतील सेलचे तापमान ६८ अंशांच्या आसपास असते आणि १३१ हा आकडा त्या तापमानाचा आहे, ही गोष्ट मात्र कागदावर कुठेच नव्हती. तापमानाशिवाय लिहिलेल्या व्होल्टेजला अर्थ नसतो, एवढे एक वाक्य त्या कागदावर असते तर पहिला कंट्रोलर कदाचित वाचला असता.

पाटीवरचा आकडा कोणत्या स्थितीचा

पॅनलच्या पाटीवरचे सर्व आकडे प्रमाणित चाचणीतील असतात : सेलचे तापमान २५ अंश आणि पॅनलवर पडणारा प्रकाश दर चौरस मीटरला १००० वॉट. येथे तापमान सेलचे आहे, हवेचे नाही. सिलिकॉनच्या सेलचा गुण असा की तो तापला की त्याचे व्होल्टेज घटते आणि थंड झाला की वाढते. या पॅनलच्या डेटाशीटमध्ये ओपन सर्किट व्होल्टेजचा तापमान गुणांक उणे ०.२७ टक्के प्रति अंश असा दिला आहे, म्हणजे २५ च्या खाली प्रत्येक अंशाला व्होल्टेज ०.२७ टक्क्यांनी वर जाते. सेल ५ अंशांवर असेल तर वाढ ५.४ टक्के होते आणि १४८.५ चे १५६.५ व्होल्ट होतात. नागपूरचे ३.५ अंश धरले तर आकडा १५७ च्या थोडा वर जातो. उलट दिशेने, ६८ अंशांवर १४८.५ चे १३१ होतात, आणि ठेकेदाराच्या मीटरने तेच दाखवले होते. त्याचे मोजमाप अचूक होते, फक्त ते वर्षातल्या सर्वांत अनुकूल वेळी घेतलेले होते.

कंट्रोलरच्या बाजूनेही एक बारकावा आहे. या यंत्राच्या माहितीपत्रकात तक्त्यात १५० व्होल्ट लिहिले आहे, पण त्याखालच्या टिपेत दोन मर्यादा वेगवेगळ्या दिल्या आहेत : १५० ही कोणत्याही परिस्थितीत, अगदी कडाक्याच्या थंडीतही, ओलांडू नये अशी अंतिम मर्यादा, आणि १४५ ही चार्जिंग सुरू होण्याची व चालू राहण्याची मर्यादा. पॅनलकडून १४५ पेक्षा जास्त व्होल्टेज आले की यंत्र चार्जिंग थांबवते आणि दोष दाखवते. सगळ्याच कंपन्या या दोन मर्यादा वेगळ्या देत नाहीत. जिथे दिल्या आहेत तिथे आखणी खालच्या मर्यादेवर करायला हवी. १४८.५ ची माळ तर प्रमाणित स्थितीतच खालच्या मर्यादेच्या वर होती.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो बसवणाऱ्यांमध्येही आढळतो. कंट्रोलरच्या क्षमतेपेक्षा जास्त वॉटचे पॅनल जोडले तर सहसा काही बिघडत नाही; यंत्र आपल्याला झेपेल एवढाच करंट घेते आणि बाकीची शक्ती पॅनलमध्येच राहते. यावरून काही जण असे धरून चालतात की व्होल्टेज जास्त झाले तरी यंत्र स्वतःला सांभाळून घेईल. करंट हा ओढून घ्यावा लागतो, म्हणून तो नाकारता येतो. व्होल्टेज मात्र तार जोडल्या क्षणापासून टर्मिनलवर उभे असते. यंत्राने चार्जिंग थांबवले म्हणजे पॅनल वेगळे झाले असे नव्हे. आतले इनपुट कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) आणि मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) त्या व्होल्टेजला तोंड देतच असतात. किंबहुना चार्जिंग थांबल्यामुळे पॅनलवरचा भार जातो आणि व्होल्टेज चढून पूर्ण ओपन सर्किट पातळीला पोहोचते. लाल दिवा म्हणजे संरक्षण चालू आहे, अशी मालकांची समजूत करून दिलेली होती, पण या यंत्राचा लाल दिवा फक्त इशारा देतो.

सकाळची मोजणी

राखणदारांनी लक्षण नेमके सांगितले : “सकाळी सकाळी लालबत्ती लागून राहते साहेब, ऊन चढलं का आपोआप जाते. ढगाळ असलं का लागतच नाही.” या शेवटच्या वाक्याला मी फार महत्त्व देतो. ढगाळ रात्री जमीन आणि पॅनल फारसे थंड होत नाहीत आणि सकाळी प्रकाशही मंद असतो. निरभ्र रात्री मात्र पॅनलची काच आकाशाकडे उष्णता फेकत राहते आणि हवेपेक्षाही काही अंश थंड होते. म्हणूनच पहाटे तिच्यावर दव जमते. दोष तारेत किंवा यंत्रात असता तर त्याला ढगांची पर्वा असण्याचे कारण नव्हते.

जानेवारीतील एका निरभ्र सकाळी मी दोन्ही माळा आयसोलेटरने कंट्रोलरपासून सोडवून १००० व्होल्ट डीसी सहन करणाऱ्या मीटरने मोजल्या. सूर्योदयापूर्वी हवा ७ अंशांवर होती आणि पॅनलच्या पाठीला चिकटवलेला तापमापक ४.६ दाखवत होता. काचेवरचे दव खालच्या चौकटीशी ओघळून थेंबाथेंबाने टपकत होते. साडेसातला व्होल्टेज १४४.१ होते. आठला ते १४६.२ झाले, आठ वीसला १४६.७ वर पोहोचले आणि तिथे थोडा वेळ थांबून उतरू लागले. नऊला १४५.४, पावणेदहाला १४२.३. नेहमीच्या दिवशी लाल दिवा सव्वानऊच्या पुढे जातो, असे राखणदारांनी सांगितले होते. १४५ ची मर्यादा आणि ही वेळ एकमेकांशी जुळतात.

आता प्रश्न असा की गणित १५६ सांगते आणि मीटर १४६.७ दाखवतो, हे कसे. ठेकेदारानेही पाहणीच्या वेळी हाच मुद्दा काढला आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. व्होल्टेज प्रकाशावरही अवलंबून असते, जरी ते अवलंबन मंद असले. प्रकाश हजार वॉटवरून अडीचशेवर आला की करंट एक चतुर्थांश होतो, पण व्होल्टेज केवळ पाच टक्क्यांच्या आसपास घटते. पहाटे सेल सर्वांत थंड असतो तेव्हा प्रकाश नसतो. भरपूर प्रकाश येतो तेव्हा सेल गरम झालेला असतो. या दोन्हींची गाठ सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास अर्धवट पडते आणि त्या दिवशी ती १४६.७ वर पडली. म्हणजे रोजच्या सकाळी हा संच १४५ ओलांडतो, १५० नव्हे. मग पहिला कंट्रोलर जळला कशाने?

धुण्याचे दिवस

उत्तर यंत्राच्या स्मृतीत होते. हा कंट्रोलर गेल्या तीस दिवसांतील प्रत्येक दिवसाचे सर्वोच्च पॅनल व्होल्टेज नोंदवून ठेवतो आणि ते मोबाइलवर पाहता येते. बहुतेक दिवसांच्या नोंदी १४५.५ ते १४७ च्या दरम्यान होत्या आणि ढगाळ दिवसांच्या त्याहून खाली. दोन नोंदी मात्र वेगळ्या निघाल्या : १५०.९ आणि १५१.३. त्या दोन दिवसांमध्ये पंधरवड्याचे अंतर होते. तारखा वाचून दाखवल्यावर राखणदारांनी क्षणभर बोटांवर मोजले आणि म्हणाले, “अवस आणि पुनव. त्या दिवशी मी पाट्या धुतो.” पॅनल धुण्याचा दिवस विसरू नये म्हणून त्यांनी अमावास्या आणि पौर्णिमा हे दिवस ठरवले होते, आणि दव सुकून धूळ चिकटायच्या आत, अकराच्या सुमारास, शेडवरच्या टाकीला पाइप लावून ते सहाही पॅनल धुऊन काढत.

यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट लागते, पण उघड्यावरच्या टाकीतले पाणी रात्रभर गार होऊन सकाळी १२-१३ अंशांवर असते. अकरा वाजता नागपुरात हिवाळ्याचे ऊन स्वच्छ आणि कडक असते. दक्षिणेकडे कललेल्या पॅनलवर ते दर चौरस मीटरला साडेआठशे वॉटपर्यंत पडते. अशा उन्हात चाळीस अंशांवर गेलेला पॅनल गार पाण्याच्या सततच्या धारेखाली थोड्याच वेळात विशीच्या खाली येतो. म्हणजे थंड सेल आणि भरपूर प्रकाश यांची जी गाठ निसर्गात सहसा पडत नाही, ती पाइपाने घालून दिली जात होती. गणित केल्यास १७ अंशांचा सेल आणि साडेआठशे वॉट या स्थितीत तीन पॅनलच्या माळेचे व्होल्टेज १५१ च्या जवळ येते आणि नोंदीत तेच होते.

तरीही एक दुवा उरतो. चार्जिंग चालू असताना कंट्रोलर पॅनलला कमाल शक्तीच्या बिंदूवर, म्हणजे या माळेसाठी सव्वाशे व्होल्टच्या आसपास, खाली ओढून धरतो; मग अकरा वाजता व्होल्टेज ओपन सर्किटला का गेले? याचे कारण बागेच्या वेळापत्रकात आहे. संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याअखेर येणारा फुलोरा) घेणारा बागायतदार डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो, आणि त्या काळात ठिबकचा पंप जवळजवळ बंद असतो. रात्रीचे दिवे आणि कॅमेरे एवढाच भार राहिल्याने बॅटरी अकरापर्यंत भरत आलेली असते, कंट्रोलर करंट कमी करत जातो, आणि करंट जसा घटतो तसे पॅनलचे व्होल्टेज ओपन सर्किटकडे सरकते. त्यातच गार पाणी पडून ते १४५ वर गेले की यंत्र चार्जिंग पूर्ण थांबवते आणि उरलेसुरले अंतरही भरून निघते. थंडी, ताण आणि धुणे या तिन्ही गोष्टी वर्षातून याच दीड-दोन महिन्यांत एकत्र येतात.

जळालेला पहिला कंट्रोलर मालकांनी फेकला नव्हता. तो उघडून पाहिला असता पॅनलच्या बाजूचे मॉसफेट शॉर्ट झालेले आणि एका इनपुट कपॅसिटरचा माथा फुगलेला आढळला. बॅटरीच्या बाजूचे भाग, तसेच त्याच वेळी जोडलेले इन्व्हर्टर आणि कॅमेरे धडधाकट होते. जानेवारीच्या त्या दिवसांत आभाळ कोरडे होते, असे मालक आणि राखणदार दोघेही सांगतात. या सर्व खुणा विजेच्या लोळापेक्षा इनपुटवरील अतिरिक्त व्होल्टेजकडे बोट दाखवतात आणि अहवालात मी तसेच नोंदवले. दुसरा कंट्रोलर १५१ सोसून वाचला, यावरून मर्यादेच्या पुढे थोडी जागा असते असा अर्थ काढू नये. कपॅसिटर प्रत्येक वेळी थोडा झिजतो, आणि कोणत्या वेळी तो हात टेकेल हे कोणी सांगू शकत नाही.

सुचवलेले उपाय आणि ते का नाकारले

ठेकेदाराने दोन उपाय पुढे केले. एक म्हणजे पॅनलच्या बाजूला सर्ज अरेस्टर बसवणे. सर्ज अरेस्टर हवाच, पण तो मायक्रोसेकंदात येऊन जाणाऱ्या झटक्यासाठी असतो. तासभर टिकणाऱ्या जास्तीच्या व्होल्टेजचा भार त्याच्यावर टाकला तर तो स्वतःच तापून निकामी होतो. दुसरा उपाय असा होता की टायमर आणि कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) लावून पॅनल रोज सकाळी दहानंतरच जोडावेत. याने सकाळचा लाल दिवा गेला असता आणि धोका तसाच राहिला असता, कारण धुणे अकराला होते. शिवाय दीडशे व्होल्ट डीसीचे सर्किट रोज तोडणारा साधा एसी कॉन्टॅक्टर ठिणगीने लवकरच खराब होतो. लक्षण झाकणारा उपाय मूळ दोषापेक्षा घातक असतो, कारण त्यानंतर कोणी शोध घेत नाही.

खरे पर्याय दोनच होते : कंट्रोलर २५० व्होल्टचा घ्यायचा आणि माळ तीनचीच ठेवायची, किंवा कंट्रोलर हाच ठेवून माळ दोनची करायची. पहिला पर्याय तांत्रिकदृष्ट्या जास्त सैल आहे. तीनच्या माळेचे थंडीतले १५७ व्होल्ट २५० च्या कितीतरी खाली राहतात, उन्हाळ्यातही पुरेसे व्होल्टेज उरते आणि केबल बदलावी लागत नाही. पॅनल आणि बॅटरी यांच्यात पन्नास-साठ मीटरचे अंतर असते तर मी दुसरा विचारच केला नसता. येथे अंतर फक्त १८ मीटर होते आणि हाताशी चांगला कंट्रोलर होता, म्हणून दोनच्या माळेचा हिशेब आधी तपासायचे ठरले.

दोनची माळ : दुसरे टोक

थंडीच्या टोकाला आता काही चिंता नव्हती. दोन पॅनलचे ९९ व्होल्ट ३.५ अंशांवर १०४.७ होतात. पाटीवरच्या व्होल्टेजमध्ये तीन टक्के कमी-जास्त असू शकते, असे डेटाशीटच सांगते. तेही धरले तरी आकडा १०८ च्या आत राहतो आणि १४५ दूर राहतात. परंतु व्होल्टेज कमी केले की दुसऱ्या टोकाची परीक्षा द्यावी लागते, आणि नागपुरात ती परीक्षा कठीण असते. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असताना सेल पंचाहत्तरपर्यंत जातो. कमाल शक्तीच्या व्होल्टेजची घट ओपन सर्किटपेक्षा थोडी जास्त, सुमारे ०.३५ टक्के प्रति अंश धरावी लागते. दोन पॅनलचे ८३.२ व्होल्ट पंचाहत्तर अंशांवर ६८.६ उरतात. हा एमपीपीटी कंट्रोलर व्होल्टेज उतरवून बॅटरीला देतो, चढवून नाही. त्यामुळे पॅनलचे व्होल्टेज बॅटरीच्या वर राहायलाच हवे. या बॅटऱ्यांचे नेहमीचे चार्जिंग ५७.६ व्होल्टपर्यंत आणि इक्वलायझेशन (सर्व बॅटऱ्या एकसारख्या भरण्यासाठी अधूनमधून केलेले जास्त व्होल्टेजचे चार्जिंग) ६२ पर्यंत जाते. ६८.६ म्हणजे जागा आहे, पण ऐसपैस नाही. बाजारात मिळणारे साठ सेलचे, तेहतीस व्होल्टचे पॅनल असते तर दोनच्या माळेचे मे महिन्यात ५४.५ व्होल्टच उरले असते आणि बॅटरी कधीच पूर्ण भरली नसती. ‘दोनच जोडा, सुरक्षित राहील’ असा सरसकट सल्ला म्हणून देता येत नाही.

ही सहा-साडेसहा व्होल्टची जागा केबलने खाऊ नये, हा पुढचा मुद्दा. मूळची केबल ६ चौरस मिलिमीटरची होती. दोन माळांचा २६ अँपिअर करंट असताना तिच्यात ३.२ व्होल्ट जात होते आणि सव्वाशे व्होल्टच्या माळेत ते खपून जात होते. तीन माळांचा ३९ अँपिअर करंट झाल्यावर त्याच केबलमध्ये पावणेपाच व्होल्ट गेले असते, तापलेल्या तांब्यात त्याहून जास्त, आणि इक्वलायझेशनच्या वेळी हातात जवळपास काही उरले नसते. म्हणून मुख्य केबल १६ चौरस मिलिमीटरची घेतली. तिच्यात पावणेदोन व्होल्टच्या आसपास जातात.

फ्यूजचा प्रश्न या बदलानेच निर्माण झाला आणि तो बहुतेक ठिकाणी राहून जातो. दोन माळा पॅरलल असताना एखादीत दोष आला तर तिच्यात उलटा करंट फक्त दुसऱ्या माळेचा, १३.८५ अँपिअर, येऊ शकतो आणि पॅनलची मर्यादा २५ असल्याने तो चालतो. तीन माळा झाल्या की उरलेल्या दोघींचा मिळून २७.७ अँपिअर दोषी माळेत शिरू शकतो आणि ती मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे प्रत्येक माळेला सौर वापराचा २५ अँपिअरचा डीसी फ्यूज स्वतंत्र बसवला. घरगुती एसीचा फ्यूज येथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी तो विझवू शकत नाही. तीन माळांचा एकूण शॉर्ट सर्किट करंट ४१.६ अँपिअर होतो आणि कंट्रोलरच्या माहितीपत्रकातील ५० अँपिअरच्या आत बसतो, हेही तपासून घेतले.

बदलानंतर

जोडणी जानेवारीतच बदलली. त्यानंतरच्या थंड सकाळी यंत्राने नोंदवलेले सर्वोच्च व्होल्टेज ९७ ते ९८ च्या दरम्यान राहिले, लाल दिवा दिसला नाही आणि चार्जिंग सव्वासातच्या आसपास सुरू होऊ लागले. पौर्णिमेला नेहमीप्रमाणे पॅनल धुतले गेले. त्या दिवशीची नोंद १००.८ होती. व्होल्टेजच्या दृष्टीने आता केव्हाही धुतले तरी चालते. तरीही तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी मारू नये म्हणून धुण्याची वेळ सकाळी लवकरची ठरवली, आणि राखणदारांना ती सोयीचीच वाटली.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी मे महिन्याची होती. भर दुपारी पॅनलच्या पाठीवर ७२ अंश असताना कंट्रोलरच्या टर्मिनलवर चालू चार्जिंगमध्ये ६७.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे केबलमधली घट धरून केलेल्या हिशेबापेक्षा अर्ध्या व्होल्टच्या आतला फरक. त्याच आठवड्यात बॅटऱ्यांचे इक्वलायझेशन केले आणि ते ६२ व्होल्टपर्यंत न अडखळता पूर्ण झाले.

मालकांना पुढे आणखी पॅनल वाढवायचे आहेत. त्यासाठी पॅनलच्या पेटीच्या दाराला आतून एक छापील पत्रा लावला आहे. त्यावर एका माळेत दोनच पॅनल जोडावेत, ३.५ अंशांवर माळेचे व्होल्टेज १०४.७ आणि पंचाहत्तर अंशांवर ६८.६, कंट्रोलरची चालू मर्यादा १४५, आणि आताच्या तीन माळांनंतर चौथी जोडायची झाल्यास एकूण शॉर्ट सर्किट करंट ५५ अँपिअरवर जाऊन या कंट्रोलरची मर्यादा ओलांडतो म्हणून तिला स्वतंत्र कंट्रोलर लागेल, एवढे लिहिले आहे. गारपिटीत किंवा माकडांच्या उड्यांनी एखादा पॅनल फुटला आणि तोच नमुना बाजारात मिळाला नाही, तर नवा पॅनल जुन्या माळेत घालण्यापूर्वी त्याचे व्होल्टेज आणि तापमान गुणांक घेऊन हा हिशेब पुन्हा करावा, अशी सूचना शेवटच्या ओळीत आहे.